त्याच जागी पुन्हा पुन्हा उकलणारी भिंत : जुन्या घरातली ओल, लोणा आणि भुसभुशीत दरजा

लक्षणं साधारण अशी असतात. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या उंचीपर्यंत आतला रंग फुगतो. पोपडा काढला की खाली पांढरी भुकटी दिसते. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो. बाहेरच्या बाजूला दोन विटांमधली दरज नखाने खरवडली तर माल वाळूसारखा गळतो. किंवा नेमकं उलट, दरज दगडासारखी टणक असते आणि तिच्या वरची-खालची वीट खवल्याखवल्यांनी सुटत असते. मग सिमेंटने दरजा भरल्या जातात, गिलावा होतो, रंग लागतो. वर्ष-दीड वर्ष भिंत छान दिसते आणि पुन्हा त्याच जागी, बहुतेक वेळा आधीपेक्षा वीतभर वर, तेच सुरू होतं.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर हे तीन वेळा झालं. तिन्ही वेळा सिमेंट, तिसऱ्या खेपेला वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. चौथ्यांदा भिंत उकलली तेव्हा मी स्वतः छिन्नी घेऊन एक दरज काढून पाहिली. सिमेंटची पट्टी एकटी निघाली नाही. वरच्या आणि खालच्या विटेची नखाएवढ्या जाडीची कड तिला चिकटून सोबत आली. मागे बोट घातलं तर आतला मूळ चुन्याचा माल ओला, मळलेल्या मातीसारखा मऊ. बाहेर कित्येक दिवस कडक ऊन होतं आणि आत तो माल ओला होता. काय चुकत होतं ते त्या एका दरजेत मला दिसलं, म्हणून पुढचं सगळं जरा सविस्तर लिहितो आहे.

दुरुस्तीनेच दुखणं का वाढतं

चुन्यात बांधलेली जुनी भिंत पाणी अडवत नाही. पाऊस पडला की ती थोडं पाणी पिते, जमिनीतली ओल थोडी ओढते आणि ऊन-वारा मिळाला की सगळं परत सोडून देते. हे सोडण्याचं काम मुख्यतः दरजांमधून चालतं, कारण चुन्याचा माल विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो. दिव्याची वात तेल ओढते तशी दरज आतली ओल बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत आणते. पाण्यासोबत विरघळलेले क्षारही तिथेच येऊन साठतात आणि वर्षानुवर्षं झिजतो तो माल. झिजलेला माल खरवडून नवा भरता येतो. झिजलेल्या विटेचं तसं करता येत नाही. बांधणाऱ्यांनी मऊ माल वापरला तो काही नाइलाजाने नव्हे, त्यात ही सोय होती.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतलं. साध्या घरांच्या बांधकामात ते सर्रास यायला पुढे कित्येक दशकं लागली. त्यामुळे जुन्या घराची भिंत चुन्याची असण्याची शक्यता मोठी. अशा भिंतीच्या दरजांवर सिमेंट थापलं की पाण्याची रोजची वाट बंद होते. सिमेंट ताठ असतं. भिंत उन्हाने आणि ओलाव्याने जराशी हलते तेव्हा ते सोबत हलत नाही, त्याच्या कडेला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाऊस आत शिरतो, पण तेवढ्या फटीतून भिंत वाळू शकत नाही. आता बाहेर पडायला उरते फक्त वीट. ओल विटेतून निघते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि वीट फुटते.

क्षार वीट फोडतात म्हणजे नेमकं काय करतात? सोडियम सल्फेटचं उदाहरण घ्या. कोरड्या अवस्थेतल्या या क्षाराने पाणी घेतलं की त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दहा रेणू स्फटिकात जाऊन बसतात आणि आकारमान तिपटीहून जास्त होतं. हे विटेच्या बारीक छिद्रांच्या आत घडतं. भिंत सुकते, भिजते, पुन्हा सुकते, आणि दर फेरीला आतून थोडा रेटा बसतो. पोपड्याखाली कधी कधी कापसाच्या तंतूंसारखे पांढरे केस उगवलेले दिसतात, ते हेच स्फटिक. त्यांनाच आपण लोणा म्हणतो.

छिन्नी उचलण्याआधी : पाणी येतं कुठून?

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त घाई याच पायरीवर होते. भिंत ओली दिसली की लगेच "खालून ओल चढते आहे" असं म्हटलं जातं आणि रसायन टोचून घ्यायचा सल्ला मिळतो. पाणी येण्याच्या वाटा चार आहेत. प्रत्येकीची खूण वेगळी आणि उपायही वेगळा.

खालून चढणारी ओल साधारण मीटरभर चढते, दीड मीटरच्या वर क्वचितच जाते. तिची वरची कड बऱ्यापैकी आडवी असते आणि त्या कडेवर पिवळट-तपकिरी डागांची रेषा उमटते. डाग छताजवळ असेल, किंवा खिडकीच्या खालून पंख्यासारखा पसरत असेल, तर दोष जमिनीचा नाही. रेषा आडवी असली तरीही आधी बाहेर जाऊन जमिनीची पातळी बघा. जोत्यात ओलावारोधक थर, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेला आडवा थर, असेल तर बाहेरची जमीन त्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवी. जुन्या घरांत दर काही वर्षांनी बाहेर माती येते, फरशी बसते, फरशीवर फरशी बसते, कुणी भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करतं, आणि हळूहळू जमीन त्या थराच्या वर जाते. थर जागेवर शाबूत असतो, पण पाणी त्याला वळसा घालून वर येतं. बाहेरचा गिलावा थेट जमिनीपर्यंत उतरवलेला असला तरी हेच होतं. आमच्याकडे नेमकी हीच गोष्ट निघाली. मागच्या बाजूची फरशी आतल्या जमिनीपेक्षा चार बोटं वर होती आणि तिचा उतार भिंतीकडे होता. तीन दुरुस्त्या झाल्या, त्या फरशीकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

बाहेरून आत येणाऱ्या पाण्यासाठी एकच तपासणी सांगतो. भर पावसात छत्री घेऊन भिंतीसमोर दहा मिनिटं उभे राहा. कोरड्या दिवशी तासभर पाहून कळणार नाही ते तेवढ्या वेळात कळतं. पन्हळीचा सांधा गळतो का, उभ्या नळाच्या मागे भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा आहे का, छज्जावरचं पाणी कडेवरून सुटून खाली पडतं की छज्जाच्या पोटाला धरून भिंतीकडे परत येतं? छज्जाच्या आणि खिडकीच्या बाहेरच्या फळीच्या पोटात कडेजवळ एक खाच असते, थेंब तिथे तुटावा म्हणून. रंगाच्या थरांनी ती बुजलेली असली तर पाणी सरळ भिंतीत जातं. खाच मोकळी करायला पंधरा मिनिटं लागतात.

तिसरी वाट पाइपची. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि कुणीही पाणी न वापरता तासाभराने पुन्हा बघा. काटा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. सांडपाण्याचा पाइप या परीक्षेत सापडत नाही. तो शंकेचा असेल तर जवळची जमीन थोडी उकरून पाहावी लागते.

चौथी वाट खोलीतल्या हवेची. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीवर जमते. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी दिसते, पण पांढरी भुकटी नसते. खात्री करायची असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे. फॉइल सोडवल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतं आहे. दोन्हीकडे थेंब असले तर दोन्ही दुखणी आहेत, आणि असं जुन्या घरांत बऱ्याचदा असतं.

इथे ओलावा मोजायच्या यंत्राबद्दल सावध करतो. दोन सुया टोचून आकडा दाखवणारं यंत्र मुळात लाकडासाठी आहे. ते विजेचा रोध मोजतं, आणि क्षार असलेल्या भिंतीतून वीज सहज वाहते. त्यामुळे जवळजवळ कोरडी पण लोणा लागलेली भिंतही त्यावर ओलीचिंब दिसते. नुसत्या त्या आकड्यावर कुणी मोठा खर्च सुचवत असेल तर थांबा. भिंतीच्या आतली भुकटी ड्रिलने काढून, वजन करून, वाळवून पुन्हा वजन केलं तर खरा ओलावा कळतो.

पहिलं काम भिंतीला हात न लावता

कारण सापडलं की आधी तेच दुरुस्त करा. आम्ही भिंतीलगतची हातभर रुंदीची फरशी काढली, जमीन खाली घेतली, उतार भिंतीपासून दूर केला आणि त्या पट्ट्यात खडी भरून ठेवली. पन्हळीचे दोन सांधे बदलले. भिंतीवरचा वॉटरप्रूफ रंग आणि पोकळ झालेला गिलावा तेवढा काढला. आणि मग थांबलो.

हे थांबणं जड जातं. जाड भिंत वाळण्याचा जुना ठोकताळा महिन्याला २५ मिलिमीटर असा आहे. २३० मिलिमीटरची भिंत त्या हिशोबाने नऊ महिने घेते. ऊन-वारा चांगला असेल तर लवकर, सावलीतली भिंत असेल तर त्याहूनही उशिरा. उघडी, ओबडधोबड भिंत इतके दिवस पाहत राहणं घरातल्यांना आवडत नाही. पण ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही. आमच्या भिंतीच्या दोन दुरुस्त्या याच घाईत वाया गेल्या.

भिंत वाळू लागली की आधी लोणा वाढतो. घाबरू नका, आतले क्षार बाहेर येत आहेत. कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने झाडायचे, खाली कागद पसरून गोळा करायचे आणि घरापासून लांब टाकायचे. भिंत पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. तारेचा ब्रश नको, तो विटेची भाजलेली वरची त्वचा घेऊन जातो. आम्लाने धुण्याचा सल्लाही ऐकू नका. आम्ल चुन्याला खातं आणि जाताना भिंतीत नवे क्षार सोडून जातं.

क्षार फारच असतील तर लेप लावतात. कागदाचा लगदा, पांढरी चिकणमाती आणि धुतलेली वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून बोटभर जाडीचा थर भिंतीवर थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना पाणी लेपातून बाहेर पडतं आणि क्षार लेपातच अडकतात. मग लेप सोलून फेकायचा. दोन-तीन वेळा करावं लागतं. सगळे क्षार निघत नाहीत, पण पृष्ठभागाजवळचे बरेच कमी होतात.

माल कोणता?

आधी जुना माल ओळखा. बाहेरचा खराब भाग नको, आत दोन बोटं खोल गेल्यावर मिळणारा चांगला तुकडा हवा. चाकूने खरवडतो, बोटांत चुरडतो, रंग पांढरट किंवा पिवळसर आहे आणि मध्ये मध्ये पांढऱ्या चुन्याचे दाणे दिसतात, तर तो चुना. करडा, टणक, तोडताना ठण्ण वाजणारा असेल तर सिमेंट. आम्ल टाकून फेस बघण्याची युक्ती लोक सांगतात, पण तिने निकाल लागत नाही. जुन्या सिमेंटलाही फेस येतो आणि वाळूत चुनखडीचे कण असतील तर त्यांनाही येतो.

नवा माल विटेपेक्षा मऊ असला पाहिजे. माझं सगळं काम या एका नियमावर बेतलेलं आहे. त्यात "मजबुतीसाठी मूठभर सिमेंट" टाकू नका. गवंडी प्रेमाने टाकतात, वाईट हेतू नसतो, पण मूठ मोजलेली नसते आणि कधी माल हवा त्यापेक्षा टणक होतो, तर कधी चुना आणि सिमेंट दोन्हींची बांधणी कच्ची राहते.

चुना दोन जातींचा. कळीचा चुना पाण्यात विरवून, मुरवून केलेला लोण्यासारखा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि परत चुनखडी बनतो. हे फार सावकाश चालतं. तो मऊ विटांसाठी आणि आतल्या गिलाव्यासाठी उत्तम. दुसरा हायड्रॉलिक चुना, पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होणारा. त्याच्या पोत्यावर एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) २, ३.५ किंवा ५ असा आकडा असतो. तो २८ दिवसांनंतरची किमान ताकद सांगतो, दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन. साध्या विटेच्या बाहेरच्या भिंतीला ३.५ बहुतेक ठिकाणी पुरतो. वीट अगदी मऊ असेल तर २. जोत्यासारख्या सतत ओल्या जागेलाही ५ वापरण्याआधी वीट किती टणक आहे ते बघा. हायड्रॉलिक चुना मिळत नसेल तर विरवलेल्या चुन्यात सुरखी, म्हणजे कमी भाजलेल्या विटेची बारीक पूड, घालून तोच गुण आणता येतो. हे जुनं तंत्र आहे आणि पुष्कळ जुन्या भिंतींच्या मालात तांबूस कण दिसतात ते त्याचेच.

फक्कीचं, म्हणजे विरवलेल्या चुन्याच्या कोरड्या भुकटीचं, उघडं पोतं घरात पडून असेल तर ते यासाठी वापरू नका. हवेने ती आधीच चुनखडी होऊन गेलेली असते, बांधणी करणार नाही.

वाळू गोल गुळगुळीत नको, कंगोरेदार हवी. बारीक-मध्यम-जाड कण मिसळलेले हवेत आणि सर्वांत मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक-तृतीयांशापेक्षा मोठा नको. खारी वाळू अजिबात नको, नाहीतर लोणा आपणच विकत घेतल्यासारखं होतं. चुना किती घालायचा यासाठी मी बरणीची परीक्षा करतो. एका भांड्यात पूर्ण वाळलेली वाळू लिटरभर काठोकाठ भरायची आणि पाणी वरपर्यंत येईतो मोजून ओतायचं. साधारण ३३० मिलिलिटर लागलं तर वाळूतली पोकळी एक-तृतीयांश आहे, म्हणून चुना एक भाग, वाळू तीन भाग. ४०० लागलं तर वाळूचं प्रमाण अडीचवर आणायचं. चुना ती पोकळी भरून काढतो, एवढंच त्या १:३ चं गणित. मोजायला फावडं नाही, डबा वापरा. ओली वाळू फुगलेली असते, फावड्याचा अंदाज हमखास चुकतो.

पाणी कमीत कमी. मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल आणि हात फारसा माखणार नाही इतपत. माल पातळ झाला की वाळताना आकसतो आणि दरजेच्या कडा सुटतात. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय चुन्याला हात लावू नका. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नका, पाणी पडताच तो उकळून उडतो.

दरज काढणं आणि भरणं

खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट घ्या. १० मिलिमीटरची दरज असेल तर २० ते २५ मिलिमीटर आत. मागची बाजू चौकोनी हवी. व्ही आकाराची खाच ठेवली तर नवा माल कडेला पातळ राहतो आणि पापुद्रा होऊन सुटतो. जुना चुना हातछिन्नीने सहज निघतो. अडचण असते आधीच्या सिमेंटची. ग्राइंडर लावला की काम भराभर उरकतं, पण उभ्या दरजा आखूड असतात, चाक वरच्या-खालच्या विटेत घुसतं आणि ती जखम कायमची राहते. आम्ही आडव्या दरजांच्या अगदी मधोमध ग्राइंडरची एक चीर मारली, कडेला स्पर्श न करता, आणि उरलेल्या दोन पट्ट्या अरुंद छिन्नीने त्या चिरेकडे पाडल्या. उभ्या दरजा पूर्ण हाताने. जिथे सिमेंट विटेला इतकं घट्ट होतं की वीटच सुटून येत होती, तिथे ते तसंच ठेवलं. सगळं काढण्याच्या हट्टापायी चांगली वीट घालवू नये. या कामात उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

मग धूळ झटकून दरज ओली करायची, आदल्या रात्री एकदा आणि भरण्याआधी एकदा. वीट ओलसर हवी, पाणी चमकताना दिसायला नको. कोरड्या विटेवर माल टेकवला की ती त्यातलं पाणी क्षणात ओढून घेते आणि माल वाळूच राहतो. बाहेर भुसभुशीत दिसणाऱ्या कित्येक नव्या दुरुस्त्यांचं कारण एवढंच असतं.

भरायला दरजेपेक्षा अरुंद पट्टीची थापी घ्या. एकदम न भरता थराथराने आत दाबत या, मागे पोकळी राहता कामा नये. २५ मिलिमीटरहून खोल जागा असेल तर एका दिवसात पूर्ण भरू नका. विटेच्या तोंडाच्या जरासं आत थांबा. कडा झिजलेल्या असतील तर दरज आणखी आत घ्या, नाहीतर माल विटेच्या तोंडावर पसरतो आणि भिंत माखल्यासारखी दिसते. माल अंगठ्याने दाबला तर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा उठतो, अशी वेळ आली की ताठ केसांच्या ब्रशच्या टोकांनी हलकेच ठोका. वरची चुन्याची साय मोडते, वाळूचे कण उघडे पडतात आणि ओल बाहेर जायला पृष्ठभाग मोकळा राहतो. आमच्याकडे काम करणारे वयस्क गवंडी इथे मला थांबवत म्हणाले, "घोटून गुळगुळीत करू नका. गुळगुळीत केलंत तर तिचं तोंड बंद होईल." तीन वेळा मी तेच करून घेतलं होतं.

आता राखण. ऊन, वारा आणि मोठा पाऊस तिघांपासून. ओलं गोणपाट भिंतीसमोर टांगा, भिंतीला न चिकटवता, आणि दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा. किमान आठवडाभर, हवा कोरडी असेल तर दोन. सिमेंटला पाणी मारतात तसं पाइपने भिजवायचं नाही. चुन्याला हवाही लागते. तापमान ५ अंश सेल्सिअसखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

आत माल पिकला का, हे बघायचं असेल तर कोपऱ्यातला एक तुकडा तोडून ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचे, थेंब टाका. गुलाबी झाला तेवढा भाग अजून कच्चा, रंग बदलला नाही तो पिकला. महिन्याभरानंतरही आतला बहुतेक भाग गुलाबी निघतो. ते ठीक आहे, चुन्याची गतीच तशी.

फुटलेल्या विटा

नुसती त्वचा गेली असेल आणि आतली वीट टणक असेल तर तशीच राहू द्या. तोंड बोटभर खोल झिजलं असेल तर चारही बाजूंच्या दरजांत ड्रिलने भोकं पाडून वीट सोडवा. बऱ्याचदा तीच वीट उलटी करून बसवता येते, मागचं तोंड नव्यासारखं असतं. नवी आणायची तर जुनीच्याच आकाराची आणि तितकीच पाणी पिणारी आणा. यंत्रावर केलेली, जास्त भाजलेली घट्ट वीट मऊ भिंतीत बसवली की तिच्या वाट्याची ओल आणि क्षार शेजारच्या विटांवर येतात. एका वेळी एकच वीट काढा, ती बसून माल घट्ट झाल्यावरच शेजारची. भिंत पोटाशी फुगलेली असेल, ५ मिलिमीटरहून रुंद भेग असेल किंवा दार-खिडकीच्या वर विटा सरकल्या असतील तर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आतला गिलावा

ओलीच्या वरच्या रेषेच्याही साधारण ३०० मिलिमीटर वरपर्यंत गिलावा काढावा, कारण क्षार त्या रेषेवरच सर्वांत जास्त साठलेले असतात. नवा गिलावा चुन्याचा, रंगही चुन्याचा किंवा वाफ आरपार जाऊ देणारा. जिप्सम नको, ओल लागली की ते मऊ पडतं. जमिनीच्या टेकीशी दोन बोटांची फट ठेवा, म्हणजे फरशीची ओल गिलाव्यात चढणार नाही.

एवढं करूनही पुन्हा दिसलं तर

पाऊस नसताना, फक्त दमट हवेच्या दिवशी भिंत ओली दिसते आणि कोरड्या दिवशी आपोआप सुकते : ही गळती नव्हे. गिलाव्यात उरलेले क्षार हवेतलं पाणी ओढत आहेत. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं, काही नायट्रेट क्षार त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही. नायट्रेट बहुधा जुन्या गोठ्याच्या किंवा शौचालयाच्या जागेतून येतात. तेवढा गिलावा काढून लेपाची फेरी करा.

नवी दरज महिन्याभरात पांढरट डागांसह भुसभुशीत झाली : माल लवकर सुकला. पुन्हा भरताना वीट नीट भिजवा आणि गोणपाट लावा.

दरजेच्या कडेला बारीक फट : पाणी जास्त किंवा चुना जास्त. माल घट्ट असेल तर काढू नका, पातळ चुना फटीत ब्रशने भरा.

पूर्वीच्याच उंचीवर ओल परत, आणि जमीन, पन्हळ, पाइप सगळं ठीक : आता ओलावारोधक थराचा विचार करायचा. जोत्याजवळच्या आडव्या दरजेत साधारण १२० मिलिमीटर अंतराने भोकं पाडून सिलेनचं, म्हणजे पाणी झटकून टाकणाऱ्या रसायनाचं, क्रीम भरतात. पाण्याच्या वाटा तपासण्याआधी मात्र हे करू नका, भोकं बुजवली तरी ती परत घेता येत नाहीत.

आमची भिंत वाळायला दहा महिने लागले. दरजा भरून झाल्यावर दुसऱ्या पावसानंतर पन्हळीच्या एका सांध्याखालच्या सहा दरजा पुन्हा वाळूसारख्या गळायला लागल्या. सांधा सैल झाला होता. तो आवळला, दरजा छिन्नीने काढल्या, माल कालवला आणि अर्ध्या दिवसात भरून टाकल्या. वरच्या-खालच्या विटांच्या कडा जशाच्या तशा होत्या.